‘रक्तात असणे’ आणि ‘वंशात असणे’ : रक्तकर्करोगाच्या जनुकसंशोधनाचा इतिहास व आपली परिभाषा

एखादा गुण वा दोष पिढीजात आहे असे सांगावयाचे झाल्यास ‘ते त्याच्या रक्तातच आहे’ असे म्हणण्याचा मराठीत जुना प्रघात आहे. मालवण-वेंगुर्ल्याकडील बोलीत हेच ‘रगतातच आसा’ असे ऐकू येते. जवळचे नाते ते ‘रक्ताचे नाते’ आणि आपला माणूस तो ‘रक्ताचा’ माणूस. म्हणजे आपल्या भाषेत ‘रक्त’ हा शब्द शरीरातील द्रवाचा जितका वाचक आहे तितकाच कुळाचाही आहे. अशा भाषेत एखाद्या रोगाला ‘रक्ताचा कर्करोग’ असे नाव पडते, आणि त्याचे कारण ‘जेनेटिक’ आहे असे वैद्य सांगतात, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ उभा राहील हे सांगण्यास भाषाशास्त्रज्ञाची गरज नाही. रोग घराण्यात आहे, तो भावंडांत आणि पुढे मुलांत उतरेल, असाच अर्थ तो घेतो. घरातील अरिष्टाचे कारण मूळपुरुषापर्यंत मागे जाऊन शोधण्याची व त्यासाठी देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत ज्या प्रदेशात अद्याप जिवंत आहे, तेथे या अर्थाचे परिणाम शब्दकोशापुरते राहत नाहीत. रोग्याच्या बहिणीचे लग्न जुळविताना तो लपविला जातो. आणि लपविलेल्या रोगाचे उपचार उशिरा सुरू होतात.

वस्तुतः ल्युकेमिया आणि लिंफोमा या दोन्ही रोगगटांत जो जनुकदोष आढळतो, तो बहुसंख्य रोग्यांच्या बाबतीत आईबापांकडून आलेला नसतो. तो रोग्याच्या शरीरातील एखाद्या पेशीत नव्याने घडलेला असतो व त्या पेशीच्या संततीपुरताच मर्यादित राहतो. हा भेद विज्ञानाच्या इतिहासात कसा स्पष्ट होत गेला, त्या इतिहासात मुंबईतील संशोधनाचे स्थान काय, आणि मराठी परिभाषेत तो भेद पुसट का राहिला, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखकाचा अधिकार वैद्यकाचा नाही. तेव्हा विवेचन संशोधनाच्या व शब्दांच्या इतिहासापुरतेच राहील.

१. नावांचा क्रम

रोगांची नावे पाहिली म्हणजे त्या त्या काळी काय दिसत होते हे कळते. लंडनचे थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली लसिकाग्रंथी व प्लीहा यांची विलक्षण वाढ झालेल्या काही रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना डोळ्यांनी दिसल्या त्या गाठी. १८४५ साली एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनचे रुडॉल्फ फिरखो यांनी स्वतंत्रपणे रक्तातील पांढऱ्या पेशींच्या बेसुमार वाढीची नोंद केली. फिरखो यांनी त्यास प्रथम ‘पांढरे रक्त’ असे साध्या जर्मन भाषेत म्हटले, व १८४७ साली ‘ल्युकोस’ म्हणजे पांढरा आणि ‘हैमा’ म्हणजे रक्त या ग्रीक शब्दांवरून आजचे नाव घडविले. म्हणजे एका रोगाचे नाव गाठीवरून पडले व दुसऱ्याचे रंगावरून. कारणाचा पत्ता कोणत्याही नावात नव्हता, आणि नाव देणाऱ्यांनी तो असल्याचा आवही आणला नाही.

आपल्याकडील शब्दांचा क्रमही असाच आहे. संस्कृत वैद्यकग्रंथांत अर्बुद, ग्रंथी, अपची, गंडमाला हे शब्द येतात. मानेतील गाठींच्या माळेस मराठीत ‘गंडमाळ’ म्हणत. क्षयाच्या गाठी आणि लिंफोमाच्या गाठी या दोहोंनाही ते नाव लागू पडले असणार, कारण दोहोंतील भेद सूक्ष्मदर्शकावाचून कळत नाही. ‘कर्करोग’ हा शब्द मात्र पाश्चात्त्य संज्ञेचे भाषांतर होय. संस्कृत ‘कर्क’ आणि ग्रीक ‘कार्किनोस’ हे खेकड्याचे वाचक शब्द सजातीय मानले जातात. तेव्हा हे भाषांतर मूळ शब्दाच्या फार दूर गेले नाही.

खरी अडचण पुढच्या शब्दांशी येते. १८८८ साली वाल्डेयर यांनी पेशीकेंद्रातील रंग धारण करणाऱ्या धाग्यांना ‘क्रोमोसोम’ म्हटले. त्याचा शब्दशः अर्थ ‘रंगकाय’ इतकाच. मराठीत त्यासाठी ‘रंगसूत्र’ हा प्रतिशब्द होता, परंतु रूढ झाला तो ‘गुणसूत्र’. मूळ संज्ञा केवळ दिसण्याची होती. आपली संज्ञा कार्याची, म्हणजे पिढीजात गुण वाहून नेण्याची झाली. १९०५ साली बेटसन यांनी ‘जेनेटिक्स’ हा शब्द सुचविला व १९०९ साली योहान्सेन यांनी ‘जीन’ ही संज्ञा दिली. ‘जीन’ला आपण ‘जनुक’ म्हटले, ते योग्यच. पण ‘जेनेटिक्स’ला ‘आनुवंशिकी’ म्हटले. ‘अनुवंश’ म्हणजे वंशाला अनुसरून. ज्या काळी हे शास्त्र पिढ्यांमधील संक्रमणापुरते होते, त्या काळी हा प्रतिशब्द अचूक होता. पुढे शास्त्र एका शरीरातील पेशींच्या जनुकांकडे वळले आणि शब्द मात्र वंशापाशीच थांबला.

२. परळ आणि खानोली

मुंबईतील कर्करोगसंशोधनाचा आरंभ ल्युकेमियाच्या एका मृत्यूशी जोडलेला आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ साली या रोगाने ब्रिटनमध्ये निधन झाले. दोराबजींनी पुढील वर्षी, म्हणजे १९३२ साली, त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्टची स्थापना केली. ल्युकेमियाच्या संशोधनास साहाय्य करणे हा त्याचा प्रधान हेतू ठेवण्यात आला, व हे साहाय्य भारतापुरते मर्यादित न ठेवता इतर देशांतील संशोधकांसही देण्यात आले. दोराबजी त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या नावाच्या न्यासाने परळ येथे उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्याकडे आली. आडनावावरून त्यांचे मूळ वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावाकडे निर्देश करते. आपल्या किनाऱ्यावरील ‘-कर’ अंती आडनावे ग्रामनामांवरूनच घडलेली आहेत. लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते मुंबईस परतले व तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापक झाले. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. पुढे १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

खानोलकरांच्या कार्यातील दोन गोष्टी आपल्या विषयास निकटच्या आहेत. पहिली अशी की, कर्करोगाचे मूळ वंशात शोधण्याऐवजी त्यांनी ते लोकांच्या सवयींत शोधले. १९४५ साली बी. सूर्याबाई यांच्यासमवेत प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी भारतीय चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. धोतराच्या गाठीने सतत घासल्या जाणाऱ्या कमरेच्या त्वचेचा कर्करोग हा त्यांपैकी एक. अमुक जातीस अमुक कर्करोग होतो असे दिसले, तरी जात हे त्याचे कारण नसून त्या जातीची रीत हे कारण असू शकते, हा या निबंधाचा मथितार्थ होय.

दुसरी गोष्ट वरकरणी याच्या उलट भासते. एल. डी. संघवी यांच्यासह खानोलकरांनी १९४९ साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांतील सात आनुवंशिक लक्षणांची सामग्री प्रसिद्ध केली. रक्तगटांसारखी लक्षणे घेऊन जातीजातींतील भेद संख्येने मोजण्याचा हा आपल्याकडील आरंभीचा प्रयत्न होय. संघवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मुंबईतील बारा समूहांतील नात्यातल्या विवाहांचे प्रमाणही अभ्यासले. याच सुमारास, १९५२ साली, वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी एका नव्या रक्तगटाची नोंद केली; तोच आज जगभर ‘बाँबे’ रक्तगट या नावाने ओळखला जातो. भारतात सुमारे दहा हजारांत एकाच्या रक्तात आढळणारा हा गट आईबाप दोघांकडूनही विशिष्ट जनुक आले असतील तरच संततीत प्रकट होतो.

तेव्हा परळच्या परिसरात एकाच काळी रक्ताकडे दोन दृष्टींनी पाहिले जात होते. एक दृष्टी वंशाची : रक्तगट पिढ्यांतून कसे उतरतात? दुसरी दृष्टी रोगाची : रक्तातील पेशी बेबंद का वाढतात? दोन्ही अभ्यासांना इंग्रजीत पुढे एकच विशेषण लागले, ‘जेनेटिक’. गोंधळाचे बीज या एका विशेषणात आहे.

३. पेशीची वंशावळ

कर्करोग हा पेशीच्या गुणसूत्रांतील बिघाडाचा परिणाम असावा, हा तर्क जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बोवेरी यांनी १९१४ सालीच मांडला होता. परंतु तो तपासण्याचे साधन दीर्घकाळ उपलब्ध नव्हते. माणसाच्या पेशीत गुणसूत्रे नेमकी किती, हेही १९५६ सालापर्यंत निश्चित नव्हते. त्या वर्षी त्यो आणि लेवान यांनी ती ४६ असल्याचे दाखविले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६० साली, अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नोवेल आणि हंगरफोर्ड यांना दीर्घकालिक मज्जाजन्य ल्युकेमियाच्या रोग्यांत एक ठराविक आखूड गुणसूत्र आढळले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट रॉउली यांनी त्याचा उलगडा केला. ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले गेले होते. या अदलाबदलीने ‘बीसीआर’ आणि ‘एबीएल’ ही दूरची दोन जनुके एकमेकांना जोडली जातात, त्यांपासून एक जोडप्रथिन तयार होते व ते पेशीला विभाजनाचा अखंड आदेश देत राहते, हे १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झाले.

लिंफोमाच्या क्षेत्रातही हेच घडले. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी १९५८ साली मुलांच्या जबड्यातील एका गाठीचे वर्णन केले. या लिंफोमात ८ व्या व १४ व्या गुणसूत्रांची अदलाबदल असते, आणि तीमुळे पेशीवाढीचे ‘मिक’ नावाचे जनुक प्रतिपिंडे बनविणाऱ्या, सदैव जागृत असलेल्या जनुकाच्या शेजारी जाऊन पडते, हे १९८२ पर्यंत उमगले.

या शोधांतील तर्कपद्धती भाषेच्या अभ्यासकास ओळखीची वाटेल. लॅटिन ‘देकेम’ व ग्रीक ‘देका’ यांतील ए-कार संस्कृत ‘दश’ आणि अवेस्ती ‘दस’ या दोहोंत अ-कार झालेला दिसतो. मूळ भारोपीय भाषेतील ऱ्हस्व ए, ओ, अ हे स्वर भारत-इराणी शाखेत एकरूप झाले. हा बदल त्या शाखेच्या सर्व भाषांत आढळतो, म्हणून त्या एका पूर्वज भाषेपासून निघाल्या असे आपण म्हणतो. पण हा बदल मागे फिरून मूळ भाषेत शिरत नाही, की भगिनीशाखेतील ग्रीकमध्ये जात नाही. ल्युकेमियाची गोष्ट तीच आहे. रोग्याच्या सर्व रोगट पेशींत तीच एक अदलाबदल आढळते, म्हणून त्या एका पेशीची संतती ठरतात. पण त्याच रोग्याच्या त्वचेच्या पेशींत ती आढळत नाही. बीजपेशींत नसते, म्हणून मुलांतही उतरत नाही. पेशीला वंश आहे, वंशावळही आहे. परंतु ती वंशावळ एका देहात सुरू होते आणि त्या देहाबाहेर जात नाही.

मुंबईत पेशींच्या या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यास जन्मलेल्या कमलताईंनी १९४३ साली एम. एस्सी.साठी सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशी-आनुवंशिकीय अध्ययन केले. पुढे खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परतल्या आणि भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. जिवंत पेशी देहाबाहेर वाढविता आल्या म्हणजे तिचा वंश डोळ्यांसमोर पाहता येतो. ल्युकेमिया, स्तनाचा कर्करोग व अन्ननलिकेचा कर्करोग यांच्या अभ्यासास त्यांच्या कार्याने चालना मिळाली. हे केंद्र पुढे कर्करोग संशोधन संस्था या नावाने ओळखले जाऊ लागले, १९६६ साली रुग्णालयासह ते टाटा स्मारक केंद्राचे अंग बनले, आणि २००२ पासून त्याचे कार्य नवी मुंबईतील खारघर येथे चालते.

४. जन्मजात, पण आनुवंशिक नव्हे

येथे एक आक्षेप संभवतो. दोन-तीन वर्षांच्या मुलास ल्युकेमिया होतो, तेव्हा त्याच्या हयातीत असे काय घडले असणार? तो दोष जन्मतःच असला पाहिजे. आणि जन्मतः असेल तर तो आईबापांचाच नव्हे काय?

या प्रश्नाचे उत्तर जुळ्या मुलांच्या अभ्यासाने दिले. बालवयातील तीव्र लसिकापेशीय ल्युकेमियात ‘टेल’ आणि ‘एएमएल-१’ ही दोन जनुके जोडली गेल्याचे वारंवार दिसते. इंग्लंडमधील मेल ग्रीव्ह्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात दाखविले की, काही एकरूप जुळ्यांत दोघांच्याही रोगट पेशींत या जोडणीचा सांधा अगदी तंतोतंत एकाच ठिकाणी असतो. असा सांधा दोन देहांत स्वतंत्रपणे त्याच जागी पडणे जवळजवळ अशक्य. आणि तो आईबापांकडून आला म्हणावे, तर मुलांच्या इतर पेशींत तो सापडत नाही. अर्थ एकच उरतो : गर्भात असताना एका जुळ्याच्या पेशीत तो दोष घडला, व सामाईक वारेतील रक्तवाहिन्यांतून ती पेशी दुसऱ्याकडे गेली. पुढे नवजात बालकांच्या टाचेतून घेऊन जपून ठेवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांतही असे सांधे सापडले. ज्यांच्यात असा सांधा जन्मतः असतो त्या बहुसंख्य मुलांना पुढे रोग होतच नाही. त्यासाठी जन्मानंतर आणखी जनुकबदल घडावे लागतात.

म्हणजे ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ हे दोन शब्द आपण पर्यायाने वापरतो, ते पर्याय नव्हेत.

या संशोधनाचा भारतीय रोग्यांशी संबंध कसा येतो तेही पाहण्याजोगे आहे. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे इयन मॅग्रथ यांच्या सहकार्याने १९८४ च्या सुमारास ‘एमसीपी-८४१’ ही एकसूत्री उपचारयोजना सुरू झाली. ती देशातील तीन प्रमुख केंद्रांत राबविली गेली. तीव्र लसिकापेशीय ल्युकेमिया झालेल्या मुलांचे व तरुणांचे चार वर्षे रोगमुक्त राहण्याचे प्रमाण त्यापूर्वी २० टक्क्यांहून कमी होते; ते या योजनेने व पूरक शुश्रूषेतील सुधारणांनी ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. वर उल्लेखिलेली ‘टेल–एएमएल-१’ ही जोडणी, जिचा रोग उपचारांस चांगला दाद देतो, पाश्चात्त्य मुलांत या रोगाच्या सुमारे २० ते २५ टक्के प्रकरणांत आढळते. भारतीय मुलांत तिचे प्रमाण कमी दिसते. यावरून भारतीय वंशच निराळा असे अनुमान काढण्याची घाई करू नये. खानोलकरांच्या १९४५ सालच्या निबंधाचा धडा येथेही लागू आहे : समूहासमूहांतील भेद परिस्थितीमुळेही पडतो.

५. वंशाचा खरा अधिकार

तथापि रक्तकर्करोगात वंशाला काहीच स्थान नाही असे म्हणणेही सत्याचा अपलाप ठरेल. थोड्या रोग्यांत वंशागत जनुकदोषाने रोगाची प्रवणता वाढते. फॅन्कोनी पांडुरोग हे त्याचे उदाहरण. आई व बाप दोघांकडूनही सदोष जनुक आले तर हा विकार होतो, आणि त्यात ल्युकेमियाचा धोका फार वाढतो. मामाच्या मुलीशी विवाह रूढ असलेल्या समाजांत असे दोन सदोष जनुके एकत्र येण्याचा संभव अधिक असतो. संघवी यांच्या नात्यातील विवाहांच्या अभ्यासाचे महत्त्व या ठिकाणी कळते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून निघालेली, आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था या विकाराचा अभ्यास करते. दुसरे उदाहरण औषधाच्या मात्रेचे. ‘एनयूडीटी-१५’ या जनुकाचे एक वंशागत रूप आशियाई लोकांत पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळते; ज्यांच्यात ते असते त्यांना ल्युकेमियावरील मर्कॅप्टोप्युरीन हे औषध नेहमीच्या मात्रेत सोसत नाही, हे २०१४ नंतरच्या संशोधनाने स्पष्ट झाले. येथे वंश रोग देत नाही. तो केवळ औषधाची मात्रा ठरवितो.

तिसऱ्या ठिकाणी वंश रोगकारक नव्हे, तर तारक ठरतो. १९८३ सालच्या मार्च महिन्यात डॉ. अडवाणी यांनी टाटा स्मारक रुग्णालयात तीव्र मज्जाजन्य ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीवर अस्थिमज्जारोपण केले. भारतातील असे हे पहिले रोपण मानले जाते. मज्जा तिच्या भावाची होती. ऊतींची जुळणी ठरविणाऱ्या जनुकांचा एक संच आईकडून व एक बापाकडून येतो. म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याचा संभव चारात एक एवढा असतो.

या उपचाराचा भाषिक अर्थ विलक्षण आहे. भावाची मज्जा बहिणीच्या हाडांत रुजली म्हणजे तिच्या रक्तपेशींत भावाची गुणसूत्रे दिसू लागतात, अगदी पुरुषत्वदर्शक ‘वाय’ गुणसूत्रासह. दोघांचे रक्तगट भिन्न असतील तर तिचा रक्तगटही बदलून भावाचा होतो. तरीही ती आपल्या आईबापांची मुलगीच राहते, आणि तिच्या त्वचेतील वा बीजपेशींतील जनुके पूर्वीचीच राहतात. रक्त बदलले, वंश बदलला नाही! ‘रक्त म्हणजे वंश’ या आपल्या भाषेतील समीकरणाचे याहून स्पष्ट खंडन दुसरे कोणते असणार?

याच अनुषंगाने व्यवहाराचीही एक गोष्ट नोंदवावी. रोग ‘घराण्याचा’ आहे अशा समजुतीने भावंडे तपासणीस कचरतात, किंवा त्यांना सासरची मंडळी पाठवीत नाहीत. ज्याला आपण वंशाचा कलंक समजतो त्याच वंशात रोग्याचा जीव वाचविणारी मज्जा असू शकते, हे त्यांना कोणी त्यांच्या भाषेत सांगितलेले नसते.

६. परिभाषेचा प्रश्न

२००१ साली दीर्घकालिक मज्जाजन्य ल्युकेमियावर इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मान्य झाले. ‘बीसीआर–एबीएल’ या जोडप्रथिनाची क्रिया रोखणारे हे औषध रोज घेऊन आज असंख्य रोगी जवळजवळ सामान्य आयुष्य जगतात. त्याच्या एका स्वरूपावरील पेटंटचा दावा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला. त्यामुळे देशी कंपन्यांचे स्वस्त औषध रोग्यांस मिळत राहिले. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित झालेल्या ‘नेक्सकार-१९’ या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये शासकीय मान्यता मिळाली. यात रोग्याच्याच लढाऊ रक्तपेशी काढून त्यांत एक नवे जनुक घालतात व त्या परत देहात सोडतात. त्या ल्युकेमियाच्या आणि लिंफोमाच्या विशिष्ट पेशींना हुडकून मारतात. हे घातलेले जनुकही रोग्याच्या मुलांत उतरत नाही. रोगही जनुकीय, उपायही जनुकीय; आणि दोन्ही वंशाबाहेरचे.

मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडील रोगी या उपचारांसाठी पूर्वापार परळची वाट धरीत आले आहेत. एके काळी गिरणगावातील चाकरमान्यांच्या खोल्यांतून त्यांची उतरण्याची सोय होई. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर प्रवास सुकर झाला, आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही असे रोगी व त्यांचे आप्त राहतात. त्यांच्या हाती पडणाऱ्या कागदावर इंग्रजीत ‘जेनेटिक’ लिहिलेले असते. त्याचा अनुवाद करणाऱ्याने कोणता शब्द निवडावा?

आमच्या मते तीन शब्दांचे क्षेत्र काटेकोरपणे वेगळे करणे इष्ट होय. जनुकाशी संबंधित अशा कोणत्याही गोष्टीस ‘जनुकीय’ म्हणावे. या शब्दाने उगमाविषयी काहीच सुचवू नये. आईबापांकडून बीजपेशींद्वारा आलेल्या दोषासच ‘वंशागत’ किंवा ‘आनुवंशिक’ म्हणावे. जन्माच्या वेळी असलेल्या, मग तो कसाही आलेला असो, दोषास ‘जन्मजात’ म्हणावे. याखेरीज ज्या दोषाने बहुतेक ल्युकेमिया व लिंफोमा होतात, त्यासाठी ‘पेशीगत जनुकदोष’ असा स्वतंत्र शब्दप्रयोग रूढ करावा. डाऊन विकाराचे उदाहरण घेऊन या शब्दांची परीक्षा पाहता येईल. २१ वे गुणसूत्र अधिक असलेल्या या मुलांत ल्युकेमियाचा धोका वाढलेला असतो. हा विकार जनुकीय आहे, जन्मजात आहे, पण बहुधा वंशागत नाही. आणि त्या मुलास पुढे ल्युकेमिया झालाच, तर तो आणखी पेशीगत दोषांची भर पडून होतो. चारही शब्द येथे आपापले काम करतात, व एकाही शब्दावाचून वाक्य पुरे होत नाही.

‘आनुवंशिकी’ हे शास्त्राचे नाव आता बदलावे असा याचा अर्थ नव्हे; रूढ झालेली नावे व्युत्पत्तीच्या आग्रहाने बदलत नाहीत. परंतु त्या नावावरून साधलेले ‘आनुवंशिक’ हे विशेषण रोगाला लावताना विचार करणे आपल्या हाती आहे. शास्त्राचे नाव विद्वानांत फिरते. रोगाचे विशेषण मात्र घरात जाते. खानोलीच्या किंवा तत्सम एखाद्या गावच्या घरात ‘रगतातला दुखणा’ म्हणून जे ऐकले जाते, ते कुळावरील कलंक म्हणून ऐकले जावे की एका पेशीत घडलेला व उपचारांनी आटोक्यात येण्याजोगा दोष म्हणून, हे बहुतांशी या विशेषणावर अवलंबून आहे. विद्यापीठांतील परिभाषाकार, पाठ्यपुस्तकांचे संपादक आणि रुग्णालयांतील अनुवादक यांनी हा भेद पाळला, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी मालवणी भाषकांत हे शब्द प्रत्यक्षात कसे समजले जातात याचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला, तर प्रस्तुत लेखाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.